स्तंभाची किल्ली

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, शेंगा निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

आज आम्ही तुम्हाला एका दगडी स्तंभाची गोष्ट सांगणार आहोत. आपल्याकडे देवळासमोर दीपमाळ असते ना, तसा उभाच्या उभा, पण दीपमाळेपेक्षा कितीतरी उंच. तो आपल्याकडचा नाही. तो आहे दूर कॅनडात, नायगारा नदीच्या काठी, क्वीन्स्टन नावाच्या गावावरच्या टेकडीवर. नायगारा धबधब्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तीच ही नदी. नदीच्या एका काठाला कॅनडा आणि दुसऱ्या काठाला अमेरिका.

हा स्तंभ आहे तिथल्या एका कारभाऱ्याचा. त्याचं नाव आयझॅक ब्रॉक. पण गोष्ट त्याच्या एकट्याची नाही. त्याच गावात एक बाई राहत होती, तिचं नाव लॉरा सिकॉर्ड. स्तंभाच्या किल्ल्या आपल्याला मिळाव्यात म्हणून तिने सरकारकडे अर्ज केला होता. ते काय प्रकरण होतं, ते ओळीने सांगतो.

दोनशे वर्षांपूर्वी कॅनडावर इंग्रजांचा अंमल होता. आज ज्याला ओंटारियो म्हणतात, त्याच्या दक्षिण भागाला तेव्हा अप्पर कॅनडा म्हणत. तिथला गव्हर्नर गोअर १८११ साली रजेवर मायदेशी गेला आणि त्याच्या जागी कारभार आला सेनापती ब्रॉककडे. ब्रॉक मूळचा इंग्लंडजवळच्या ग्वेर्नसी बेटावरचा. पलटणीबरोबर १८०२ साली तो कॅनडात आला होता. म्हणजे फौजही त्याच्या हातात आणि राज्यकारभारही त्याच्याच हातात.

जून १८१२ मध्ये अमेरिकेने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑगस्टमध्ये ब्रॉकने डेट्रॉइटचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत त्याच्या बरोबरीने होता टेकुम्से, तिथल्या मूळ रहिवाशांचा मोठा पुढारी. मग १३ ऑक्टोबरला पहाटे अमेरिकन सैन्य नदी ओलांडून क्वीन्स्टनला उतरलं आणि टेकडी चढून गेलं. ब्रॉक घोड्यावरून धावत आला, शिपायांच्या पुढे होऊन टेकडी चढू लागला, आणि छातीत गोळी लागून जागीच पडला. वय त्रेचाळीस वर्षं. तीनच दिवस आधी लंडनमध्ये त्याला 'सर' हा मान जाहीर झाला होता. ती बातमी बोटीने यायची, ती त्याच्या कानावर पडलीच नाही.

लढाई मात्र तिथे संपली नाही. दुपारी दुसरा सेनापती शीफ कुमक घेऊन आला. तोवर हॉडेनोशोनी लोकांच्या एका लहान तुकडीने जंगलाच्या आडोशाने शत्रूला टेकडीवर अडकवून ठेवलं होतं. हॉडेनोशोनी म्हणजे तिथल्या सहा मूळ जमातींचा संघ. संध्याकाळपर्यंत टेकडी परत मिळाली. विजय पुष्कळांनी मिळवला. नाव मात्र राहिलं पडलेल्या कारभाऱ्याचं.

त्याच दिवशी त्याच लढाईत जेम्स सिकॉर्ड नावाचा गावचा एक दुकानदार जखमी झाला. तो गावकऱ्यांच्या पथकात लढत होता. एक जखम खांद्याला आणि एक पायाला. ही बातमी घरी कळल्यावर त्याची बायको लॉरा लढाईच्या जागी गेली, त्याला शोधून काढलं आणि घरी घेऊन आली. घरी आली तर घर लुटलेलं. पदरात पाच मुलं, नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या वेळी लॉरा होती सदतीस वर्षांची.

पुढच्या वर्षी, १८१३ च्या उन्हाळ्यात, क्वीन्स्टन अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होतं. अमेरिकन फौज लेफ्टनंट फिट्झगिबन याच्या ठाण्यावर अचानक चालून जाणार, ही खबर लॉराच्या कानावर आली. ठाणं वीस मैलांवर. आपल्या जुन्या हिशेबाने दहा कोस. नवऱ्याला चालता येत नव्हतं. मग २२ जूनला पहाटे ती एकटी निघाली. उन्हाचे दिवस. शत्रूचे पहारे चुकवायचे म्हणून सरळ रस्ता सोडला, रानातून, ओढ्यांतून, चिखलातून गेली. संध्याकाळी ती मोहॉक योद्ध्यांच्या तळाजवळ पोचली. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती. तरी कसंबसं समजावलं, आणि त्यांनी तिला फिट्झगिबनपर्यंत नेलं.

दोन दिवसांनी, २४ जूनला, बीव्हर डॅम्स या जागी मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांनी त्या अमेरिकन फौजेला घेरलं. चारशेहून जास्त अमेरिकन शिपाई शरण आले. फिट्झगिबनने वर अहवाल पाठवला. त्या अहवालात लॉराचं नाव नव्हतं.

मैत्रिणींनो, ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा. नाव नव्हतं. पुढची सगळी पंचावन्न वर्षं या एका गोष्टीभोवती फिरतात.

आता पुन्हा स्तंभाकडे येऊ. युद्ध संपलं. ब्रॉकचं स्मारक व्हावं असं अप्पर कॅनडाच्या विधानसभेने ठरवलं आणि सरकारी पैसा मंजूर झाला. टेकडीवर दगडी स्तंभ उभा राहू लागला. उंची एकशे पस्तीस फूट, आत वर जायला गोल जिना. १८२४ साली त्याच्या कोनशिलेचा समारंभ झाला, तेव्हा एक गंमत घडली. विल्यम लायन मॅकेंझी नावाचा एक पत्रकार तेव्हा क्वीन्स्टनलाच राहत होता. त्याने नुकतंच स्वतःचं वर्तमानपत्र काढलं होतं आणि त्यात तो सरकारवर चांगलाच तुटून पडायचा. त्या वर्तमानपत्राचा एक अंक कोनशिलेत ठेवला गेला. गव्हर्नर मेटलंडला हे कळलं तेव्हा स्तंभ बराच वर गेला होता. तरी त्याने हुकूम सोडला, की खणा आणि तो कागद बाहेर काढा. मजुरांनी खणून तो कागद काढला. दगडाच्या पोटातल्या एका कागदाची सरकारला केवढी धास्ती, बघा!

त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, लढाईला बारा वर्षं झाली त्या दिवशी, ब्रॉकच्या अस्थी मिरवणुकीने आणून स्तंभाखाली ठेवल्या.

स्तंभ झाला म्हणजे त्याची राखण आली. दार उघडायचं, बंद करायचं, आलेल्या माणसांना वर सोडायचं. किल्ल्या कुणाकडे तरी द्यायच्या होत्या. गव्हर्नर मेटलंडने लॉराला विचारलं. आधी तिने नको म्हटलं, मग हो म्हटलं. युद्धात घरादाराची जी धूळधाण झाली, ती कधी भरून आली नव्हती. दोन पैसे मिळाले तर हवेच होते.

पण सरकारी काम. साहेब बदलला, की शब्दही बदलतो. मेटलंड गेला आणि कोलबर्न आला. कोलबर्नचा कल दुसरीकडे होता. स्मारक समितीवर कर्नल रॉबर्ट निकोल नावाचा माणूस होता. १८२४ साली रात्रीच्या वेळी त्याची घोडागाडी टेकडीच्या कड्यावरून कोसळली आणि तो गेला. त्याच्या विधवेला किल्ल्या द्याव्यात, असं कोलबर्नच्या मनात. जुलै १८३१ मध्ये लॉराने अर्ज केला: मला शब्द दिला होता, तो पाळा. सोबत फिट्झगिबनचं पत्र जोडलं. उपयोग झाला नाही. किल्ल्या निकोलच्या विधवेकडे गेल्या.

इथे आम्हाला एक सांगावंसं वाटतं. निकोलबाईंना बोल लावायचं काहीच कारण नाही. तिचाही नवरा गेला होता, तिलाही चूल पेटवायची होती. गरजवंत बाया दोन आणि किल्ली एक. आपल्या गावात अंगणवाडीची एक जागा निघते आणि चार घरच्या सुना अर्ज करतात, तेव्हा भांडण लागतं ते त्या चौघींत. जागा एकच का, हे कुणी विचारत नाही. स्तंभ बांधायला पैसा निघाला होता. त्या लढाईत ज्यांची घरं मोडली, त्या बायकांसाठी मात्र एवढी एक किल्लीच होती.

लॉराची आणि तिच्या नवऱ्याची अर्जांची गोष्ट इथे सुरू झाली नाही आणि संपलीही नाही. १८२० साली जेम्सने अर्ज केला होता. काय मागितलं होतं? क्वीन्स्टनच्या लष्करी जमिनीतला दगड काढायची परवानगी. त्या अर्जात बायकोच्या कामगिरीचा उल्लेख केला होता आणि फिट्झगिबनचा दाखला जोडला होता. पुढे जेम्सला लहानमोठ्या सरकारी जागा मिळाल्या. १८३९ साली क्वीन्स्टनच्या नावेचा ठेका मागितला, तो नाकारला. १८४१ साली जेम्स वारला आणि त्याचं जखमी सैनिकाचं पेन्शन थांबलं. लॉराने स्वतःसाठी पेन्शन मागितलं, ते नाही. मुलासाठी बापाची जागा मागितली, तीही नाही. मग तिने घरातच लहान मुलांची शाळा घेतली आणि दिवस काढले.

याच काळात स्तंभावरही संकट आलं. एप्रिल १८४० मध्ये कुणीतरी आत दारू ठासून तो उडवला. संशय बेंजामिन लेट याच्यावर. हा १८३७ च्या बंडातल्यांच्या बाजूचा. त्या बंडाचा पुढारी होता तोच मॅकेंझी, ज्याचा कागद कोनशिलेतून खणून काढला होता. स्तंभ पुरता कोसळला नाही, पण तडे असे गेले की दुरुस्त होणं अशक्य झालं.

मग बघा काय झालं. जुलैमध्ये त्याच टेकडीवर हजारो माणसं जमली. नवा स्तंभ बांधायचा ठराव झाला. वर्गणी निघाली. गावोगावच्या पथकांतल्या शिपायांनी पैसे दिले, मूळ रहिवाशांच्या जमातींनीही दिले. ब्रॉकच्या अस्थी पुन्हा हलवल्या आणि तेरा वर्षं गावातल्या एका घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. १३ ऑक्टोबर १८५३ ला त्या नव्या पायात ठेवल्या आणि नव्या स्तंभाची कोनशिला बसली. १८५९ साली त्याच तारखेला उद्घाटन झालं. तोच आज उभा आहे. उंची छप्पन्न मीटर, म्हणजे साधारण अठरा मजल्यांएवढी. आत दोनशे पस्तीस पायऱ्या. वर ब्रॉकचा सोळा फुटी पुतळा.

म्हणजे या कारभाऱ्याचा स्तंभ एकदा बांधला, तो उडवला गेला, तर पहिल्यापेक्षा उंच पुन्हा बांधला. त्याने एकही अर्ज केला नव्हता. तो शूर नव्हता, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. शिपायांच्या पुढे उभा राहून तो मेला. पण त्याच मातीतली दुसरी व्यक्ती चाळीस वर्षं स्वतःच्याच कामाचे दाखले हातात घेऊन दारोदार फिरत होती.

१८६० साली इंग्लंडचा युवराज नायगाऱ्याला आला. ब्रॉक जिथे पडला, तिथे लहान दगडी खूण उभारली होती, तिचा समारंभ त्याच्या हस्ते झाला. युद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांनी त्याला मानपत्र दिलं. त्यावर लॉराने सही केली. सैनिकांच्या यादीत एका बाईची सही. शिवाय तिने स्वतःचा वेगळा अर्जही दिला. युवराजाने मायदेशी परतल्यावर तिला शंभर पौंड पाठवले. तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. तिच्या त्या दहा कोसांच्या चालण्याबद्दल तिला हयातीत मिळालेलं बक्षीस ते एवढंच. १८६८ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, ती वारली.

पुढचं काम बायकांनी केलं, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. सारा अ‍ॅन कर्झन ही बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी लेखिका. तिने लॉरावर नाटक लिहिलं, ते १८८७ साली छापलं गेलं. एमा करी हिने १९०० साली लॉराच्या जीवनावर पुस्तक काढलं आणि टेकडीवर स्मारक व्हावं म्हणून पाठपुरावा केला. १९०१ साली लॉराच्या कबरीवर अर्धपुतळा बसला. तो घडवला मिल्ड्रेड पील या स्त्री शिल्पकाराने. आणि त्यानंतर दहाएक वर्षांत, त्याच टेकडीवर, ब्रॉकच्या स्तंभाच्या सोबतीला, सरकारी खर्चाने लॉराचंही स्मारक उभं राहिलं. जिथल्या किल्ल्या तिला मिळाल्या नाहीत, तिथेच.

पण नाव दगडावर आलं म्हणून सगळं भागलं, असं नाही. तोवर तिच्या गोष्टीला भलत्याच फांद्या फुटल्या होत्या. १८६४ सालच्या एका पुस्तकात एका लेखकाने लिहिलं, की लॉरा पहारेकऱ्यांना फसवायला सोबत गाय घेऊन निघाली होती आणि त्यांच्यासमोर तिने गाईची धार काढली. लोकांना ही गाय फार आवडली. चित्रांत आली, गोष्टींत आली. तुम्हीच सांगा, रानातून, ओढ्यांतून, पहारे चुकवत दहा कोस जायचं, तर कुणी दावणीची गाय सोबत घेईल का? लॉराने स्वतः सांगितलेल्या हकिगतीत गाय नाहीच.

अशा फांद्यांमुळे उलटंच झालं. १९३२ साली एका इतिहासकाराने लिहिलं, की तिच्या खबरीचा लढाईला काही उपयोगच झाला नव्हता. ज्या अहवालात तिचं नाव असायला हवं होतं, त्यात ते नव्हतं. मग माणसं विश्वास तरी कशावर ठेवणार?

तिला तारलं ते कागदाने. फिट्झगिबनने १८२० साली, १८२७ साली आणि १८३७ साली असे तीनदा दाखले लिहून दिले होते. त्यातला १८२७ सालचा दाखला सरकारी दप्तरात पडून होता. तो १९५९ साली एका अभ्यासकाने छापून पुढे आणला. लढाईतल्या अधिकाऱ्याने, चौदाच वर्षांनी, स्वतःच्या हाताने लिहिलेलं: ही बाई आली होती, तिने मला खबर दिली होती. वाद मिटला. आणि हे दाखले का लिहिले गेले? अर्जांना जोडायला. किल्ली मिळाली नाही, नाव मिळाली नाही, पेन्शन मिळालं नाही. पण तिने मागणं सोडलं नाही, म्हणून कागद तयार झाले. आणि कागद तयार झाले, म्हणून आज आपण तिचं नाव घेतोय.

स्तंभालाही देखरेख लागतेच. १९२९ साली ब्रॉकच्या पुतळ्याचा हात निखळून खाली पडला. २००५ साली स्तंभ धोक्याचा झाला म्हणून बंद केला, दुरुस्ती करून २००९ मध्ये पुन्हा उघडला. आणि २०१६ साली त्या टेकडीवर आणखी एक स्मारक झालं, लढाईत साथ दिलेल्या मूळ रहिवाशांचं. दोनशे चार वर्षांनी. कारभाऱ्याला लागली बारा वर्षं, लॉराला शंभराच्या आसपास आणि त्यांना दोनशेच्या वर. एकाच टेकडीवरचा हा हिशेब आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण आपल्या गटाला त्याचं काय? त्याच मुलखातली आणखी एक गोष्ट सांगतो. क्वीन्स्टनपासून पश्चिमेला स्टोनी क्रीक नावाचं गाव आहे. तिथे १८९७ साली शेतकरी बायकांनी आपलं मंडळ काढलं. 'विमेन्स इन्स्टिट्यूट' म्हणतात त्याला. आपल्या महिला मंडळासारखंच. हळूहळू गावोगाव अशी मंडळं झाली. १९४०च्या दशकात ओंटारियोतल्या या मंडळांनी एक काम हाती घेतलं. प्रत्येक मंडळाने आपल्या गावाच्या इतिहासाची वही करायची. पहिली वस्ती कुणाची, शाळा कधी झाली, कुठल्या शेतावर कोण राबलं, पूर कधी आला. फोटो चिकटवायचे, कात्रणं लावायची. आज तिथले अभ्यासक त्या वह्या शोधत येतात. त्या लिहिल्या त्या शेतकरी बायकांनी, घरची कामं उरकून.

अशी वही आपल्याला करता येईल. शंभर पानी वही पुरे. पाणी योजना कुणाच्या खटपटीने आली, दारूचं दुकान बंद करायला ग्रामसभेत पहिली कोण उभी राहिली, गावात बाळंतपणं कोण करत होती, शाळेला जागा कुणी दिली, हे लिहा. ज्या आजीबाईंना माहीत आहे, त्यांना आताच विचारा. त्यांनी सांगितलं, की खाली तारीख घाला, सांगणारीचं नाव घाला आणि ऐकणाऱ्या दोघींच्या सह्या घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर तसं लिहा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. नाहीतर आपल्याही गोष्टीत कुणीतरी गाय घुसवेल!

आणि गटाच्या इतिवृत्तात 'काम झाले' एवढ्यावर थांबू नका. कुणी केलं, ते नावानिशी लिहा. 'अमक्याची बायको' असं नको, तिचं स्वतःचं नाव. अर्ज दिला, की पोचपावती घ्या. अर्ज नामंजूर झाला तरी कागद टाकू नका. नामंजूर झालेल्या अर्जातही आपलं म्हणणं आणि आपली तारीख असते. एखाद्या बाईने काही मोठं काम केलं आणि ते पाहणारा सरपंच, तलाठी, गुरुजी, डॉक्टर हयात असेल, तर त्याच्याकडून आजच चार ओळी लिहून घ्या. उद्या साहेब बदलतो, तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला राहतो.

तुमच्या वहीचं पहिलं पान लिहून झालं, की आम्हाला कळवा. ते पान आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू, त्या बाईंच्या नावासकट. तोवर नमस्कार.